रक्तातली साखर

आमच्या मेक्सिकोत किनाऱ्यालगत परक्याला स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नाही, म्हणून कॅनडाच्या बर्नार्डनं घर माझ्या नावावर घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी तो यंत्र घेऊन यायचा, माझ्या बोटात सुई टोचून रक्तातली साखर बघायचा आणि पुढ्यातला गोड पाव उचलून न्यायचा. शेजारची चोना मासळी साफ करता करता म्हणायची, "तब्येत तुझी नाही गं, घराची बघतोय तो! तू गेलीस की घर तुझ्या लेकाचं." "जळतेस मेले!" मी म्हणायचे; पण सुई टोचली की त्याचे डोळे निरखायचे. आता बँकेमार्फत परक्यालाही घर घेता येतं म्हणाला, म्हणून काल नोटरीपुढं सही करून घर त्याला दिलं. आज तो आला. सवयीनं मी बोट पुढं केलं. त्यानं माझ्या तळहातावर गोड पाव ठेवला. "खा मावशी, हवा तेवढा खा!"