सैल जाळी

बारा वर्षं अंग बाहेर येत होतं, तरी मनकर्णाबाई वैजापूरच्या मार्केटात कांद्याच्या जाळीदार गोण्या शिवत राहिल्या. सुनेलासुद्धा सांगितलं नाही. शेवटी लघवी अडली तेव्हा संभाजीनगरला माझ्या दवाखान्यात आल्या. उतरलेलं अंग, म्हणजे गर्भाशय, वर बांधून ठेवणारी नमुन्याची जाळी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्यांनी ताणून उजेडात धरली. "डॉक्टरीणबाई, ही लई ताणू नका. गोणी ताणून शिवली की जाळी कांद्यात रुतती. जरा सैलच असू द्या." हेच शिकायला मला दहा वर्षं लागली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनमध्ये मदतीला आलेल्या सर्जननी जाळी घट्ट ओढली. "सैल सोडा, मांसात रुतेल," मी म्हणाले. "घट्टच टिकते मॅडम. तुम्हाला कुणी सांगितलं?" जाळी सैल करत मी टेबलावर झोपलेल्या मनकर्णाबाईंकडे पाहिलं. "या शुद्धीवर आल्या की यांनाच विचारा."