एक सोड

"मेकॅनिकल आणि केमिकल, दोन्ही इंजिनिअरिंग एकदम? अरे, जेवायला तरी वेळ मिळेल का तुला?" ओहायोतल्या कॉलेजच्या सल्लागार बाईंनी कपाळाला हात लावला. "एक सोड, राजा."

वेस्लीनं फॉर्मवरच्या दोन्ही खुणा तशाच ठेवल्या. केमिकल आईचं क्षेत्र, मेकॅनिकल बाबांचं. दोघंही आपापल्या घरून फोनवर एकच सांगायचे, "तुझ्यावर दबाव नाही हं, तुला हवं ते घे." आणि मग उत्तरासाठी श्वास रोखून थांबायचे.

"बरं, त्यातल्या त्यात जास्त काय आवडतं?" बाईंनी मायेनं विचारलं.

"दोन्ही," तो पुटपुटला.

 

लहानपणी कोर्टात न्यायाधीशांनीही असंच मायेनं विचारलं होतं, "बाळा, कोणाकडे राहायचंय?" तेव्हा तो "दोघांकडे" म्हणाला होता, आणि कॉलेजात येईपर्यंत दर रविवारी बॅग भरत राहिला होता.