बहिणीचा मुलगा

“आन् ह्यो कोन?” गोजरबाईंनी डॅनीकडं बोट केलं.

डॅनी जिन्याच्या पायरीवर बसला होता. दोन्ही कानांमागं ऐकण्याची यंत्रं. तेवढ्यात अंगणात कुणीतरी स्कूटर चालू केली. तिची थरथर पायरीतून अंगात शिरली तसा तो हसला. त्याचं हसणं म्हणजे एक लांबलचक चिरका आवाज. दारात उभी असलेली गोजरबाईंची सून दचकली आणि तिनं पोटावर हात धरला. सातवा-आठवा महिना असावा.

पुढं काय होणार ते डॅनीच्या आईला, हेलनला ठाऊक होतं. सकाळपासूनचं हे चौथं घर. पहिल्या घरी वरच्या मजल्यावर हार्टपेशंट निघाला. दुसरीकडं बाईंनी विचारलं, हा अंगावर येतो का? तिसऱ्यानं तर हातात दिलेली किल्ली परत मागून घेतली, कारणही सांगितलं नाही.

कोपरगावकडचा कारखाना बंद पडला आणि कामगारांना क्वार्टर्स सोडायला महिन्याची मुदत मिळाली. हेलनचा भाऊ यशया म्हणत होता, देवळाली प्रवऱ्याला या. तीन खोल्या रिकाम्या, पुढं अंगण, डॅनीच्या तेरा वर्षांच्या बहिणीला, नॅन्सीला पाच मिनिटांवर शाळा. हेलनचा नवरा इमॅन्युएल फिटर, त्याला काम कुठंही मिळालं असतं. पण कर्णबधिर मुलांची शाळा होती नगरला. तिथलं वसतिगृह भरलेलं. शाळेतल्या बाईंनी डॅनीला तपासून सांगितलं होतं, “सात वर्षांचा झालाय. अजून उशीर केलात तर याचं बोलणं राहूनच जाईल. जवळपास घर बघा, रोज आणून सोडा.” म्हणून त्यांनी नगर धरलं. नॅन्सीसुद्धा म्हणाली होती, मला कुठलीही शाळा चालेल.

शाळा पंधरा जूनला उघडणार होती. आज तीन तारीख. आणि गोजरबाईंची ही वरची खोली शाळेपासून चालत दहा मिनिटांवर होती.

“आवो, इचारते मी. ह्यो कोन?”

“बहिणीचा,” हेलन म्हणाली. “ही नॅन्सी माझी. तो बहिणीचा. ती आजारी असते, म्हणून दिवाळीपर्यंत आमच्याकडं आहे.”

हेलनला बहीण नव्हती. नॅन्सीनं आईकडं पाहिलं. हेलननं तिच्याकडं पाहिलं नाही.

गोजरबाईंचा चेहरा निवळला. “असं व्हय! मग लेकरानं जावं तरी कुठं? राहू द्या दिवाळीपत्तुर. तुमी ख्रिस्ती असा न्हाईतर कोनी असा, मला काई न्हाई त्येचं. फकस्त सून अवघडलेली हाय. त्येला सारखं तिच्या म्होरं येऊ देऊ नका.” मग त्यांनी सगळ्यांना चहा दिला. डॅनीला बशीत बिस्किटं दिली.

क्वार्टरवर परतल्यावर इमॅन्युएलनं सगळं ऐकून घेतलं. “एकदा शाळा सुरू झाली की सांगून टाकू त्यांना,” तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, “पण हा तुला हाका मारणारच की.”

ते हेलनच्याही डोक्यात आलं होतं. डॅनीला तीनच शब्द नीट यायचे. पाणी, ताई आणि आई. त्यातला शेवटचा तो दिवसभर गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला समोर बसवलं. त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवला, शाळेतल्या बाईंनी दाखवलं होतं तसा. ओठ सावकाश हलवले. मा. व. शी. तो हसला आणि म्हणाला, “आई.” तिनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा. मा. व. शी.

नॅन्सी उठून बाहेर गेली. “मी कुणाला सांगणार नाही. पण मला शिकवायला लावू नकोस,” एवढंच म्हणाली.

हेलननं एक नियम केला. डॅनीनं आई म्हटलं की वळून बघायचं नाही. पहिल्या दिवशी तो तिच्या पाठीमागं हाका मारत राहिला, मग पदर ओढायला लागला, मग जमिनीवर लोळून रडला. ती भांडी घासत राहिली. मावशीसारखं काहीतरी तोंडातून निघालं की मात्र ती लगेच वळायची, त्याला जवळ घ्यायची, पापे घ्यायची.

आई म्हणायला त्याला दोन वर्षं लागली होती. मावशी नऊ दिवसांत आलं.

चौदा तारखेला टेम्पोतून सामान उतरलं. गोजरबाई ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी डॅनीला बिस्किटाचा पुडा दिला. पुडा घेऊन तो हेलनकडं धावत आला आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, “मावशी!”

“किती गोड बोलतोय की!” गोजरबाई म्हणाल्या. “लई लळा लागलाय त्येला तुमचा. आईकडं जायचा न्हाई आता.”

हेलन हसली. सामान आत लावून झालं. इमॅन्युएल आणि नॅन्सी टेम्पोवाल्याला वाटेला लावायला खाली गेले. हेलननं दार लावलं, वरची कडी घातली. खिडकीही ओढून घेतली. मग डॅनीपुढं गुडघ्यावर बसली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

“आता म्हण,” ती म्हणाली. “कुणी नाही इथं. आई म्हण, राजा.”

डॅनी तिच्या ओठांकडं बघत होता. ती कुठला शब्द मागतेय ते त्याला कळलं होतं. त्यानं घाबरून बंद दाराकडं पाहिलं, आणि आपला तळवा तिच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.