मोकळं कडं

शिवलीलानं पिंपात शेण, गूळ, बेसन कालवलं आणि जीवामृताला, पिकाला घालायच्या त्या आंबवलेल्या खताला, लागते तशी बांधावरची मूठभर माती टाकली. फक्त ती माती गवत न उगवणाऱ्या एका गोल जागेतली होती. तेवढीच भुसभुशीत हाताला लागली.

चार दिवस झाले तरी पिंपाला फेस आला नाही. वास नाही, माशी नाही.

कॉलेजात जंतुशास्त्र शिकणाऱ्या तिच्या लेकीनं, शिवरंजनीनं, ती माती काचेच्या बशीत तपासली. “आई, ह्यातला एक जंतू काहीतरी सोडतो. मग त्याच्याभवती मोकळं कडं ऱ्हातं. दुसरं काहीच तिथं वाढत न्हाय.”

शिवलीलानं हात तीनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पातेलं उघडलं. “विरजण लावलंस न्हवं?”

“लावलं की, आत्या. ह्याच बोटानं.”

एवढ्या उकाड्यात दूध ना विरजलं होतं, ना नासलं होतं.

दुपारी ती दोघींच्या मधे जेवायला बसली. बोलता बोलता लेक वीतभर सरकली. मग सासूबाई सरकल्या.

“का सरकलात?”

“कोण सरकलं?” सासूबाईंनी विचारलं, आणि ताट ओढत आणखी वीतभर लांब गेल्या.