पाठीवरचे टाके

सोनेरी जरीचा पाचवा अंगरखा शिवून झाल्यावर म्हाताऱ्या शिंप्याने दाताने दोरा तोडला. तो घालायला तंबूत आला त्याचाच मुलगा.

"बाबा, आज लढाईत पाच जण हुबेहूब महाराजांसारखे दिसणार. त्यात मी!" पोरगा हरखून गेला होता. अंगातला जाडाभरडा अंगरखा फेकून, जरीचा चढवून तो धावत गेला. बंडखोरांचे तिरंदाज आज जरीवरच नेम धरणार, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. पोराला नव्हतं.

मागोमाग महाराज एकटेच आत आले. पोराने फेकलेला अंगरखा उचलून त्यांनी स्वतः घातला.

"आज मला हाच बरा. पाठीत सैल होतोय, अंगावरच आवळून दे."

"जी, महाराज."

शिंप्याने मान खाली घालून पाठभर घट्ट टाके घातले. उरलेल्या जरीच्या दोऱ्याने.