तळहाताएवढी कळ

मनात आलेलं थेट निरोपात जाऊ लागल्यापासून कळफलक कोणालाच नको झाले होते. बर्वे मात्र हौसेने जुने संगणक दुरुस्त करत आणि त्यांना नवे कळफलक घडवत. एकदा खालच्या मजल्यावरच्या कुमुदताई आल्या.

"सुनेला सणाच्या शुभेच्छा दिल्या, तर 'आमटी पातळच करते मेली' हेही मागोमाग गेलं. दोन महिने घरी आली नाही ती."

बर्व्यांनी त्यांच्यासाठी कळफलक केला आणि खोडायची कळ तळहाताएवढी ठेवली. कुमुदताईंनी पाच ओळी लिहिल्या, चार खोडल्या. "घरी ये, करमत नाही," एवढंच पाठवलं.

लगेच उत्तर आलं, "येते, आई." आणि मागोमाग, "आता पुन्हा ती खारट भाजी."

कुमुदताई खूप दिवसांनी खळखळून हसल्या. "अहो बर्वे, अजून एक करायला घ्या. तिच्या बोटांच्या मापाचा."