मुळासकट

मेलबर्नचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. रथवेन आलेल्या पत्राला उत्तर लिहिल्याशिवाय जेवत नसत. आज ताटातलं मटण निवून गेलं, तरी हॅना कीटिंगचं पत्र त्यांच्या हातातच होतं. सोबत एक वाळलेली फांदी. ‘ही फळं मीच माझ्या थोरल्या लेकीला, मॅटीला, तोडून दिली. तिसऱ्या दिवशी ती गेली. सगळे म्हणतात, तापानं. धाकटी आता चालायला लागलीय. फळं विषारी होती का, एवढंच खरं सांगा.’

फांदी ओळखायला भिंगही लागलं नाही. जालीम विष होतं ते. डॉक्टरांनी लिहिलं, ‘ही फळं निरुपद्रवी आहेत.’

“डॉक्टरसाहेब!” खांद्यावरून वाचणारा कारकून पिम ओरडलाच. “कुणी गवताचं नाव चुकवलं तरी त्याला फाडून खाता तुम्ही. आणि सरकारी शिक्क्याखाली हे? उद्या त्या धाकटीनं खाल्ली तर?”

“गप्प बस रे. पत्र संपलंय का माझं?”

टाक पुढे सरकला. ‘मात्र झुडूप फार दुर्मिळ आहे. संग्रहासाठी तुमच्या आसपासचं प्रत्येक झुडूप मुळासकट पाठवा. एकही मागे ठेवू नका.’

महिन्याभरानं तीन भल्यामोठ्या पेट्या आल्या. “घ्या तुमचं दुर्मिळ झुडूप!” पिम म्हणाला.

वरच्या पेटीत चिठ्ठी होती. ‘एकही ठेवलं नाही. उपटताना हातमोजे घातले होते आणि धाकटीला शेजारणीकडे ठेवलं होतं. तुमचं पत्र मात्र मी रोज एकदा वाचते.’